कसाऱ्याच्या अलीकडे

जव्हारला रेल्वे नाही, कधी नव्हती, तरी गावात एक स्टेशनमास्तर होते. ते म्हणजे वाचनालयातले कांतीलाल. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही, पण बाजारपेठेतून जाताना कुठल्या ना कुठल्या दुकानातून हाक यायचीच, ‘‘काय मास्तर, आज गाडी किती लेट?’’ कांतीलाल हसल्यासारखं करून पुढं व्हायचे. त्यांना उत्तर सुचायचं, पण घरी पोचल्यावर.

त्यांच्या कपाटात रेल्वेची वेळापत्रकं होती, घाटातल्या बोगद्यांवरची पुस्तकं होती, जुन्या मासिकांतून कापलेली इंजिनांची चित्रं होती. कुणाला नागपूरला जायचं असलं, भुसावळला गाडी बदलायची असली, की तो माणूस आधी वाचनालयात यायचा. कांतीलाल त्याला सगळं नीट समजावायचे आणि तो गेल्यावर, आपण चुकीचं तर नाही ना सांगितलं, म्हणून पुन्हा पुस्तक उघडून बघायचे. स्वतः मात्र ते डहाणू रोडला गाडी धरून चार-दोनदा मुंबईला जाऊन आले होते, तेवढंच. ती सपाटीवरची गाडी. तिला ते गाडी म्हणत, पण मनातून नव्हे.

मनातून गाडी म्हणजे घाटातली.

त्यांचा जन्म इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीतला. मुंबईकडून आलेलं विजेचं इंजिन तेव्हा इगतपुरीला सुटायचं आणि पुढं भुसावळकडं न्यायला कोळशाचं इंजिन लागायचं. त्यामुळं प्रत्येक गाडीला तिथं थांबावंच लागे, आणि कॉलनीतल्या पोरांना प्रत्येक गाडी आपल्याकडे मुक्कामाला आल्यासारखी वाटे. वडील बँकरवर होते. कसाऱ्याहून गाडी घाट चढायला लागली की मागून रेटायला जी इंजिनं लावतात त्यांना बँकर म्हणतात. वडिलांचं इंजिन तपकिरी होतं, दोन्हीकडं लांब नाक असलेलं. उभं असलं की कण्हायचं आणि चाललं की दोन्ही अंगांनी डुलायचं, म्हणून सगळे त्याला खेकडा म्हणत. गाडी वर पोचवायची आणि मोकळं खाली यायचं, हे खेकड्याचं काम.

एकदा वडिलांनी त्यांना गुपचूप खेकड्यात घेतलं होतं. घाट उतरताना मध्येच इंजिन उभं राहिलं. पुढं रूळ दोन वाटांना फुटले होते. एक वाट खाली कसाऱ्याला जात होती, दुसरी डोंगरावर चढून तिथंच संपत होती. वडील म्हणाले, रूळ नेहमी या दुसऱ्या वाटेलाच जोडलेले असतात. गाडी इथं थांबली, ब्रेक धरतात हे दिसलं, की मगच खरी वाट देतात. न थांबता आली तर समजायचं सुटलीय, मग ती आपोआप डोंगरावर चढते आणि थांबते. लहानग्या कांतीलालनं त्या डोंगरावर संपणाऱ्या रुळांकडं कितीतरी वेळ मान वळवून पाहिलं. मग अंधाराचा गार वास आला, बोगदा आला, आणि वडिलांनी त्यांचा हात शिट्टीच्या दोरीवर ठेवला.

ते अकरा वर्षांचे असताना वडील काविळीनं गेले. क्वार्टर सोडावं लागलं. जव्हारहून मामा आले आणि मायलेकरांना घेऊन गेले. मामा म्हणाले होते, सुट्टीत आणू परत गाड्या बघायला. सुट्टीत मामांच्या दुकानात माल भरायचा असे. पुढं आईचं आजारपण, मग वाचनालय, मग मुलाची, प्रसादची दहावी, प्रसादची बारावी. कसारा काही लांब नाही. मोखाडा, खोडाळा, विहीगाव, की आलंच. लांब असतं तर माणूस एकदा ठरवून तरी गेला असता.

आणि आता डोळे. मागल्या महिन्यात नाशिकच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डावीकडचं बरंचसं गेलेलं होतं, उजवीकडचं जात होतं. डॉक्टर तरुण होता, समजावायला त्यानं दोन्ही हातांची नळी करून डोळ्यांसमोर धरली. ‘‘बोगद्यातून बघतो ना आपण, तसं होत जाईल काका. थेंब घालत राहायचं. गेलेलं परत येत नाही.’’

कांतीलालांनी घरी येऊन बायकोला ते तसंच हात धरून दाखवलं. विद्युल्लताबाई पलंगावर होत्या. दीड वर्षापूर्वी मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर धरून पलंग ते मोरी आणि मोरी ते खिडकी एवढंच त्यांचं जग. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्यांनी मोखाड्याच्या शाळेत शिकवलं होतं, रोज एसटीनं जाऊन-येऊन.

‘‘मग आता जाऊन या,’’ त्या म्हणाल्या.

‘‘कुठं?’’

‘‘कुठं काय विचारता? पन्नास वर्षं ऐकतेय. खेकडा, बोगदा, इगतपुरीच्या फलाटावरचा वडा. पगाराच्या दिवशी वडील पानात बांधून आणायचे तो. जा आणि बघून या एकदाचं.’’

‘‘तुला टाकून कसा जाऊ?’’

‘‘सुकी आहे की.’’

सुकी शेजारच्या पाड्यावरची. सकाळी येऊन धुणंभांडी, बाईंची अंघोळ, स्वयंपाक करून दुपारी जायची. तिचा नवरा रमेश वसईला बांधकामावर. तीही जोडीनं दोन-तीन वर्षं जाऊन आलेली. कांतीलाल गाड्या बघायला जाणार हे कळल्यावर ती भांडी घासायची थांबली.

‘‘गाड्यांत काय बघाचा, बाबा? आमी वसईला जाव तवा पाय ठेवाला जागा नाय. एकदा तं माझी चप्पलच ऱ्हायली फलाटावर.’’

‘‘बाबांना आत नाही बसायचं, बाहेरून बघायचंय,’’ विद्युल्लताबाई म्हणाल्या.

‘‘मंग बरा. बाहेरून बरी दिसते,’’ सुकी म्हणाली. ‘‘जा तुमी. मी दिसभर ऱ्हाईन बाईंजवल.’’

इतकं सगळं सोपं होऊन बसल्यावर कांतीलाल घाबरले. दोन दिवस त्यांनी अडचणी काढून पाहिल्या. थंडी आहे. सुकी ऐन वेळी आली नाही तर? प्रसादला कळलं तर तो रागावेल. विद्युल्लताबाईंनी एकेक अडचण शाळेतल्या पोरांच्या सबबीसारखी ऐकली आणि खोडली. जायच्या दिवशी सकाळी तर त्या कुणाचा हात न घेता पलंगावरून उठल्या, वॉकर धरून खिडकीपर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, ‘‘बघितलंत? आता निघा. आणि येताना तो वडा आणा. बघू तरी काय असतं त्यात.’’

एसटीत कंडक्टर एक तरुण मुलगी होती. तिनं आधार कार्ड बघितलं, शून्याचं तिकीट फाडून दिलं. ‘‘पंच्याहत्तरीच्या वर फुकट, आजोबा. कुठंपण फिरा. कसाऱ्याला काय, पाहुणे?’’

‘‘दवाखाना,’’ कांतीलाल म्हणाले.

का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. एवढ्या म्हाताऱ्यानं गाड्या बघायला निघालोय असं कसं सांगायचं? कंडक्टर मुलगी ‘‘अरेरे’’ म्हणाली आणि तिनं त्यांना पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागं बसवलं. आता त्यांना आजारी माणसासारखं बसणं भाग होतं.

बस गावाबाहेर पडली. डावीकडून समोर येणाऱ्या गाड्या, झाडं, माणसं त्यांना अचानक, एकदम नाकासमोर उगवल्यासारखी दिसत होती, आणि उजवीकडं विरून जात होती. ते दचकत होते. तेवढ्यात फोन वाजला. प्रसाद.

‘‘बाबा, कुठं आहात? आवाज कसला?’’

‘‘जरा बाजारात आलोय.’’

‘‘लवकर जा घरी. सुकीच्या भरवशावर आईला सोडत जाऊ नका हो. मी इथून काय काय बघू?’’

‘‘नाही, नाही. निघालोच.’’

फोन खिशात ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, घरातून निघून तास झाला नाही आणि दोनदा खोटं बोलून झालं. तिसऱ्याला त्यांची तयारी नव्हती. पण बस चालली होती आणि पुढच्या सीटवर बसवलेला आजारी माणूस मध्येच उठून कुठं जाणार?

मोखाड्याच्या स्टँडवर बस थांबली. चहाला थांबतेच. कांतीलाल खाली उतरले. त्यांनी चहा घेतला नाही. स्टँडच्या भिंतीजवळ उभं राहून ते बसकडं बघत राहिले. पाटीवर कसारा लिहिलेलं होतं, नजर सरळ समोर धरली तर अजून स्पष्ट वाचता येत होतं. खोडाळा आणि मग विहीगाव. मग घाटाचा आवाज. त्यांनी मनातल्या मनात तो आवाज काढून पाहिला, रोज झोपताना काढायचे तसा. आला नाही. डिझेलची घरघर तेवढी आली.

कंडक्टर मुलीनं दारातून हाक मारली, ‘‘आजोबा, चला.’’

‘‘पुढं तुम्ही व्हा,’’ कांतीलाल म्हणाले. ‘‘इथं… इथं ओळखीचे डॉक्टर आहेत.’’

तिसरं.

तिनं खांदे उडवले, दोनदा घंटी मारली, आणि बस गेली. बस वळणाआड जाईपर्यंत ते उभे राहिले. मग त्यांना एकदम सुटल्यासारखं वाटलं, शाळेत नाव न पुकारता तास संपल्यावर वाटायचं तसं. हे सुटलेपण पाचेक मिनिटं टिकलं. नंतर ध्यानात आलं की आता घरीही जाता येणार नाही. इतक्या लवकर परतलं तर विद्युल्लताबाई काय ते ओळखतील. इगतपुरी करून यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा इथं काढणं आलं.

स्टँडवर तीन बाकं होती. ते मधल्या बाकावर बसले. दुपारचं ऊन पायावर आलं तेव्हा तिसऱ्यावर गेले. बाजारहाट करून निघालेल्या बायका येऊन बसत, उठत. डोक्यावर टोपली घेतलेल्या एका म्हातारीनं विचारलं, ‘‘कुठली गाडी बघताव, बाबा?’’ ते म्हणाले, ‘‘नाशिक.’’ नाशिकची गाडी आली, गेली. म्हातारीनं काळजीनं विचारलं, ‘‘गेली ना तुमची.’’ ते म्हणाले, ‘‘दुसरी आहे मागून.’’ मग ती आपली गाडी येईपर्यंत त्यांच्यावर लक्षच ठेवून बसली. दुसरी नाशिक आली तेव्हा कांतीलालांना उठून मुतारीमागं जाऊन उभं राहावं लागलं. तिथं वास मारत होता आणि भिंतीवर निवडणुकीतली जुनी पत्रकं चिकटलेली होती. ती त्यांनी सगळी वाचली. साठ वर्षं माणसानं आगगाडीसाठी झुरावं आणि शेवटी एसटी स्टँडच्या मुतारीमागं लपावं! त्यांना रडू आलं असतं, पण कुणीतरी तिकडंच येत होतं.

परतीच्या गाडीत बसण्याआधी त्यांना वड्याची आठवण झाली. स्टँडलाच लागून एक हॉटेल होतं, कढई नुकतीच तापलेली. त्यांनी चार वडे घेतले आणि कागदाऐवजी पानात बांधून मागितले. पानात का, असं पोऱ्यानं विचारलं नाही, केळीचं एक फाटकं पान शोधून आणलं. कांतीलालांना वाटलं, हे मात्र आपल्याला जमलं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सुकी ओसरीवर बसून वाट बघत होती. विद्युल्लताबाई पलंगावर नव्हत्या, खुर्चीत होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर इस्त्रीची साडी. पाहुणे येणार असल्यासारख्या.

‘‘आलात? बसा. पाणी प्या. मग सगळं सांगा. पहिल्यापासून.’’

सुकीही दाराशी टेकून उभी राहिली. ‘‘भेटला का तुमचा खेकडा?’’

‘‘खेकडा आता नसतो,’’ कांतीलाल म्हणाले, आणि हे खरं असल्यामुळं त्यांना धीर आला. खेकडे कधीच मोडीत गेले, आता दुसरी इंजिनं लावतात, पण मागून रेटतात अजून. हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं. ते बोलू लागले. कसाऱ्याला गाडी थांबली, मागं बँकर जोडले, धक्का बसला तो पायांना कळला. मग चढ. मग बोगदा, आत जाताना येणारा गार वास, आणि बाहेर पडल्यावर दरीत एकदम उघडणारा उजेड. कांतीलाल आयुष्यात इतकं सलग कधी बोलले नव्हते. सुकी भांडी घासायच्या हातानं पदर धरून ऐकत होती. विद्युल्लताबाईंचे डोळे त्यांच्या तोंडावरून हलत नव्हते. सांगता सांगता कांतीलालांना स्वतःलाच ते दिसू लागलं, आणि कडेनं अंधारही नव्हता.

‘‘आणि वडा?’’ त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून पुडा काढला. ‘‘गार झालाय.’’

‘‘चालेल की.’’ त्यांनी पान सोडलं, एक वडा सुकीला दिला, एक आपण घेतला. चावला. थोडा वेळ त्यांनी घास तसाच तोंडात ठेवला. मग दाताखालचं काहीतरी काढून हातावर घेतलं आणि दिव्याकडं धरून बघितलं. अख्खा धणा होता.

‘‘सुकी, तू जा आता. अंधार पडेल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते वडे घेऊन जा पोरांना.’’

सुकी गेली. बाईंनी पदराला हात पुसले.

‘‘पांड्या बरा आहे का?’’

‘‘कोण पांड्या?’’

‘‘मोखाड्याच्या स्टँडवरचा. आता म्हातारा झाला असेल. अठ्ठावीस वर्षं शाळा सुटल्यावर त्याचा वडा खाल्लाय मी. अख्खे धणे घालू नको, दाताखाली येतात, असं त्याला किती वेळा सांगितलं. ऐकत नाही. मुलालाही तेच शिकवलेलं दिसतंय.’’

कांतीलाल भिंतीकडं बघत राहिले.

‘‘किती वेळ बसलात तिथं?’’

‘‘दिवसभर.’’

‘‘काय झालं? गाडी बिघडली?’’

नाही म्हणून मान हलवली त्यांनी. हो म्हटलं असतं तर सुटले असते, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

विद्युल्लताबाई आवाज चढवत नसत. वर्ग शांत करायचा असला की त्या आवाज उतरवत. ‘‘दीड वर्ष हे गाव म्हणतंय, बाईंच्या दुखण्यामुळं मास्तरांना बिचाऱ्यांना हलता येत नाही. माझ्या तोंडावर म्हणतात. मी म्हणते, हो ना, खरंय. आज सकाळी खिडकीपर्यंत चालले ना मी, तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. तुम्ही जावं म्हणून चालले. दिवसभर इथं बसून म्हणतेय, आता कसारा आलं असेल, आता बोगदा. आणि तुम्ही पांड्याच्या बाकावर. माझ्या नावावर खपवायचं नाही हं आता. का उतरलात ते सांगा.’’

‘‘मला सांगता येत नाही.’’

‘‘वाईट सांगा. पण सांगा.’’

बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, होत नव्हती.

‘‘तिथं गेलो, आणि दिसलं नाही तर, असं वाटलं,’’ कांतीलाल म्हणाले. ‘‘मग वाटलं, दिसलं, नीट दिसलं, आणि काही वाटलंच नाही तर? नुसते रूळ आणि नुसती गाडी. सुकीला दिसते तशी. तर मग इतकी वर्षं मी काय करत होतो? माझ्याकडं आयुष्यात प्रेम केलं असं म्हणण्यासारखं हे एवढंच आहे.’’

‘‘एवढंच,’’ विद्युल्लताबाई म्हणाल्या. ‘‘बरं झालं सांगितलंत. मी आपली पन्नास वर्षं काही भलतंच समजत होते.’’

कांतीलालांनी दचकून वर पाहिलं. त्या हसत नव्हत्या, पण चेहरा मघापेक्षा सैल झाला होता.

‘‘तसं नव्हतं म्हणायचं मला.’’

‘‘माहीत आहे. तुम्हाला कधीच तसं म्हणायचं नसतं.’’ त्यांनी वॉकर पुढं ओढला, पण उठल्या नाहीत. ‘‘काही वाटलं नाही तर नाही वाटलं. परत येऊ, जेवू, झोपू. मला त्या मोरीशिवाय दुसरं काहीतरी बघायचंय. गौतमला फोन लावा. त्याची जीप सांगा.’’

‘‘तुला? त्या रस्त्यानं? खोडाळ्याच्या पुढं खड्डे—’’

‘‘हाड माझं आहे. मी बघीन.’’

‘‘प्रसाद—’’

‘‘प्रसादला आल्यावर सांगू. दोघांना मिळून रागावेल.’’

कांतीलालांनी फोन घेतला. नंबर शोधायला त्यांना वेळ लागला, फोन नाकासमोर धरून डावा-उजवा करावा लागला. विद्युल्लताबाईंनी मदत केली नाही. गौतमनं उचलला. मागं मोठ्यानं टीव्ही चालू होता.

‘‘कोण? आवाज येत नाही. कोण बोलतंय?’’

‘‘कांतीलाल. वाचनालयातले.’’

‘‘हां मास्तर, बोला. जरा मोठ्यानं.’’

‘‘जीप पाहिजे होती. कसारा, तिथून वर इगतपुरी. सकाळी निघून संध्याकाळी परत. दोघं आहोत. बाई पण आहेत.’’

‘‘बाईंना बसवेल का?’’

‘‘त्या म्हणतात बसवेल.’’

‘‘उद्या नाय जमायचं, मास्तर, उद्या शिरपामाळ बघायला मुंबईचे लोक यायचेत. परवा चालेल?’’

कांतीलालांनी फोनवर हात ठेवला आणि परवा चालेल का विचारलं. विद्युल्लताबाई म्हणाल्या, ‘‘चालेल. आणि सांगा, पुढच्या सीटवर मी बसणार. पाय लांब करता येतो.’’

त्यांनी फोन कानाला लावला. आयुष्यभर बाईंनी सांगितलेलं त्यांनी तसंच्या तसं पुढं सांगितलं होतं, दूधवाल्याला, शाळेला, प्रसादच्या लग्नात व्याह्यांना. आताही तोंड उघडलं होतं. मग ते थांबले.

‘‘पुढं मी बसेन,’’ ते बाईंना म्हणाले. ‘‘कडेचं मला दिसत नाही. समोरचं दिसतं. तू मागं आडवी हो, उशी घेऊ.’’

पलीकडून गौतम विचारत होता, ‘‘काय म्हणालात, मास्तर?’’

विद्युल्लताबाईंनी नवऱ्याकडं नीट बघून घेतलं.

‘‘दोन उशा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकीनं भागायचं नाही.’’